स्वस्त खोली आणि सहा जणांची आंघोळ

मित्रांची पहिली शहरसहल ठरायला पाच मिनिटं लागतात, आणि राहायचं कुठं हे ठरायला तीन आठवडे. कुणीतरी बुकिंगच्या अ‍ॅपवर 'किंमत : कमी ते जास्त' असं बटण दाबतं, सगळ्यात वरचा आकडा ग्रुपवर टाकतं आणि बाकीचे अंगठे दाखवून मोकळे होतात. तो आकडा बहुतेक वेळा अर्धवट असतो. कर, साफसफाईचा आकार, जादा गादीचे पैसे हे सगळं शेवटच्या पानावर येतं. म्हणून तुलना करायची ती शेवटच्या पानावरच्या रकमेची, आणि तीही डोकी आणि रात्री यांनी भागून.

भागाकार करताना एक गंमत कळते. हॉटेलचा भाव खोलीला असतो, डॉर्मिटरीचा पलंगाला. सहा जण असाल आणि डॉर्म सहा पलंगांची असेल, तर ती खोली आपोआप तुमचीच. पाच असाल तर सहाव्या पलंगावर कोण येणार, आणि रात्री तीन वाजता कुठली पिशवी चुरचुरवणार, हे दैवाधीन. ग्रुपमध्ये मुलं-मुली दोन्ही असतील तर डॉर्म मिश्र आहे की वेगवेगळी, हे पैसे भरण्याआधी बघावं. दारात पोचल्यावर ग्रुपची फाळणी झाली की पहिली संध्याकाळ रुसव्याफुगव्यात जाते. अख्खा फ्लॅट घ्यायचा तर त्याचा साफसफाईचा आकार बहुधा एकदाच लागतो, त्यामुळे एका रात्रीला तो महाग पडतो आणि तीन रात्रींना परवडतो.

डॉर्मला नाक मुरडणाऱ्यांसाठी जाता जाता : पहिलं कायमस्वरूपी युथ हॉस्टेल चक्क एका किल्ल्यात निघालं. रिचर्ड शिरमान नावाच्या जर्मन शाळामास्तरांनी १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात ते सुरू केलं, मुलांना सहलीत रात्री टेकायला जागा मिळावी म्हणून. ती जुनी शयनगृहं आजही तिथं जपून ठेवलेली आहेत.

पण खोली, पलंग, गादी या सगळ्यांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे बाथरूम, आणि तिच्याकडं कुणाचंच लक्ष नसतं. सहा जण आणि एक बाथरूम असा हिशेब मांडून बघा. माणशी वीस मिनिटं धरली तरी दोन तास. आता त्यात गिझर घाला. पंधरा लिटरचा, दोन किलोवॅटचा साठवणीचा गिझर गार पाणी साठ अंशांपर्यंत न्यायला साधारण वीस मिनिटं घेतो. त्यात तेवढंच गार पाणी मिसळलं की तीस लिटर कोमट पाणी होतं, म्हणजे जपून केली तर एक आंघोळ आणि थोडी शिल्लक. पहिल्यानं शॉवरखाली गाणं म्हटलं की दुसऱ्याच्या वाट्याला गार पाणी ठरलेलं. 'आठला निघू' म्हणणारा ग्रुप साडेदहाला का निघतो, याचं उत्तर आळसात नसून या पंधरा लिटरांत असतं. तेव्हा तीन माणसांमागं एक बाथरूम आहे ना, ते बघावं. नसेल तर निम्म्यांनी रात्रीच आंघोळ उरकावी, आणि नावं आधीच ठरवावीत. रात्री अकराला कुणीही आपणहून पुढं येत नाही.

दुसरी फसगत अंतराची. 'मध्यवर्ती भागापासून दोन किलोमीटर' हे बहुधा नकाशावरच्या सरळ रेषेतलं अंतर असतं. मध्ये नदी किंवा रेल्वेचे रूळ आले की त्याचे चार होतात. त्यामुळं नकाशात 'चालत' हा पर्याय निवडून मिनिटं मोजावीत, आणि शेवटची मेट्रो किंवा बस किती वाजता सुटते तेही पाहावं. खोलीत वाचलेले पैसे जाता-येता, रोज, सहा जणांनी टॅक्सीत ओतले की नाकापेक्षा मोती जड होतो. त्यात साध्या टॅक्सीत चारच प्रवासी बसतात. पाचवा आला की दुसरी टॅक्सी आली. या बाबतीत पाच हा सगळ्यात खर्चिक आकडा.

रिव्ह्यू वाचायचे ते ताजे आधी, आणि त्यातही तीन ताऱ्यांचे. पाचवाले भारावलेले असतात, एकवाले चिडलेले. तीनवाला शांतपणे सांगतो की खिडकी भिंतीकडं उघडते. एकच तक्रार तीन वेगवेगळ्या माणसांनी केली असेल तर ती खरी धरावी. 'गजबजलेला, जिवंत परिसर' याचा अर्थ खाली रात्री दोनपर्यंत गाणी. फोटोत भिंतीलगतचा पलंग ओढून ताणल्यासारखा दिसला तर ती वाइड अँगल लेन्सची करामत समजावी. पाहुण्यांनी काढलेले फोटो बघावेत, आणि ज्या खोलीच्या बाथरूमचा एकही फोटो नाही ती सोडून द्यावी.

चेक-इन चोवीस तासांचं आहे की दुपारचं ठरावीक, हे विचारून घ्यावं. पहाटे सहाला उतरून दुपारी दोनपर्यंत बॅगा ओढत फिरणं हा काही पर्यटनाचा प्रकार नव्हे. सामान आधी ठेवू देतात का, आणि शेवटच्या दिवशी खोली सोडल्यावरही ठेवता येतं का, हे दोन प्रश्न लेखी विचारावेत. आणि हो, वर्गणी बुकिंगच्या आधी जमा करावी. 'येतो रे नक्की' म्हणणाऱ्यांपैकी एक जण गळतोच. फुकट रद्द करण्याची शेवटची तारीख त्याच्या आधी येते की नंतर, एवढाच प्रश्न असतो.

आता बघायचं काय? प्रत्येकानं यादी केली तर चाळीस ठिकाणं होतात. त्याऐवजी प्रत्येकानं 'हे बघितल्याशिवाय परत येणार नाही' असं एकच ठिकाण सांगावं आणि ती नकाशावर टिंबं म्हणून मांडावीत. टिंबांचे पुंजके आपोआप दिसतात. एका दिवसाला एक पुंजका. मग सुट्टीचा वार तपासावा : ताजमहाल शुक्रवारी बंद, पॅरिसचं लूव्र मंगळवारी, आणि सोमवारी बंद असणारी संग्रहालयं तर कितीतरी. बंद होण्याची वेळ सहा असली तरी शेवटचा प्रवेश अनेकदा अर्धा ते एक तास आधीच थांबतो. फुकट प्रवेशाच्या दिवशी पैसे वाचतात आणि रांगेत तास जातात. 'दहा ठिकाणं, एकच पास' घेण्याआधी त्यातली तुम्ही खरंच जाणार ती तीन-चार मोजा, त्यांची सुटी तिकिटं जोडा, आणि मगच ठरवा. दिवसात दोन मोठी ठिकाणं पुरेत. तिसऱ्या ठिकाणी निम्मा ग्रुप बाहेरच्या पायऱ्यांवर बूट काढून बसलेला असतो.

आणि सगळ्यांनी सगळं एकत्रच बघायला हवं असंही नाही. एकाला चित्रांपुढं तासभर उभं राहायचं असतं, दुसऱ्याला बाजारात हिंडायचं असतं. दुपारी खुशाल पांगावं. फक्त भेटायची जागा 'गेटपाशी' अशी ठरवू नये, कारण मोठ्या वास्तूंना चार-चार गेटं असतात. 'तिकीटखिडकीच्या डाव्या हाताला, घड्याळाखाली, साडेपाच' असं सांगावं, आणि ज्याच्या फोनची बॅटरी नेहमी संपते त्याला ते कागदावर लिहून द्यावं.