मालिकेनंतरची प्रार्थना

येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना मी लहानपणापासून रोज म्हणत आले आहे. त्या रात्री ती एका ओळीवर अडली. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’, म्हणजे आमच्या अपराध्यांना क्षमा केली आहे, असं तोंडाने म्हणत होते आणि डोळ्यांसमोर नुकत्याच पाहिलेल्या मालिकेतला प्रसंग होता. नायिकेने तिला छळणाऱ्या बहिणीला सगळ्यांदेखत गुडघ्यावर आणलं होतं, आणि तो क्षण मी मनातल्या मनात पुन्हा पुन्हा चाखत होते. माझ्या स्वतःच्या बहिणीशी तेव्हा मी सात महिने बोलले नव्हते.

प्रार्थना पुरी न करताच उठले.

मनोरंजनाच्या बाबतीत मी निष्काळजी होते असं नाही. चर्चच्या मंडळीत शिकवलेली यादी मला पाठ होती: अश्लीलता नको, शिवीगाळ नको, रक्तपात नको, जादूटोणा नको. पण ही मालिका त्या यादीतून सहज पार होत होती. त्यात एकही शिवी नव्हती, अंगावर येणारं दृश्य नव्हतं, सगळं कुटुंब एकत्र बसून पाहू शकेल अशी ती होती. आणि तीच रोज रात्री तासभर माझ्या मनातल्या अढीला खतपाणी घालत होती.

लेंटचा उपासकाळ जवळ आला होता. राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत, रविवार सोडून चाळीस दिवस, सगळं बंद करायचं ठरवलं. मालिका, चित्रपट, रील्स, काहीच नाही. पहिला आठवडा छान गेला. दुसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की रात्रीचा तो तास मी बातम्यांखालची भांडणं वाचण्यात घालवते आहे. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 12 व्या अध्यायातला येशूचा दाखला आठवला. घरातून निघून गेलेला अशुद्ध आत्मा परत येतो, घर झाडलेलं, सजवलेलं पण रिकामं पाहतो आणि आपल्याहून वाईट असे सात सोबती घेऊन तिथे राहायला येतो. मी घर रिकामं केलं होतं, पण त्या जागी कुणाला बोलावलंच नव्हतं.

त्याहून वाईट म्हणजे माझा त्याग मी घरभर लादू लागले. मुलीच्या कानातले इअरफोन दिसले की मी चिडायचे. एकदा ती शांतपणे म्हणाली, “आई, तू ऐकलंस तरी का मी काय ऐकतेय ते?” मी ऐकलं नव्हतं. बायबलमधल्याच रोमकरांस पत्राच्या 14 व्या अध्यायात प्रेषित पौल खाण्यापिण्यावरून एकमेकांचा न्याय करू नका म्हणतो. तो अध्याय मी त्याच आठवड्यात वाचला होता, आणि माझ्याच घरात विसरले होते.

वाट सापडली ती येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या चरित्रात. 1521 साली स्पेनमधल्या पँप्लोनाच्या लढाईत तोफगोळा लागून त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडून वेळ जाईना, म्हणून त्यांनी शूर सरदारांच्या प्रेमकथा मागवल्या. घरात तशी पुस्तकं नव्हती. मिळालं ते ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या कथा. मग कधी ते एखाद्या थोर स्त्रीसाठी पराक्रम गाजवण्याची स्वप्नं रंगवायचे, कधी संतांसारखं जगण्याची. दोन्हींत रमताना आनंद व्हायचा. फरक नंतर पडायचा. पहिल्या स्वप्नानंतर मन कोरडं आणि असमाधानी उरायचं, दुसऱ्यानंतर प्रसन्न. ते वाचून कळलं, इतका वेळ मी फक्त समोर काय दाखवतात एवढंच तपासत होते, नंतर माझ्यात काय उरतं याकडे मी कधी पाहिलंच नव्हतं.

ईस्टरनंतर एक साधी वही केली. काहीही पाहिलं की पाच मिनिटं थांबून दोन ओळी लिहायच्या: आत्ता मला कुणाविषयी काय वाटतंय, आणि लगेच प्रार्थना करता येईल का. त्यासाठी आधी आपोआप पुढचा भाग सुरू होण्याची सोय बंद करावी लागली. नेटफ्लिक्सवर ती प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये असते, यूट्यूबवर व्हिडिओवरच बटण असतं. दिसायला किरकोळ गोष्ट आहे, पण पुढचा भाग काही सेकंदांत सुरू होत असेल तर स्वतःला विचारायला जागाच उरत नाही. यूट्यूबचा पाहण्याचा जुना इतिहास पुसून तो साठवणंही बंद केलं. मुख्य पानावर शिफारशी दिसेनाशा झाल्या. आता काही पाहायचं तर आधी काय पाहायचं ते ठरवावं लागतं.

वहीने माझे अंदाज उलटेपालटे केले. एका खुन्यावरचा गंभीर, अंधारा चित्रपट मी घाबरतच पाहिला होता. त्यानंतर लिहिलं होतं: ‘त्याच्या आईसाठी रडू आलं. प्रार्थना झाली.’ एका निखळ म्हणवल्या जाणाऱ्या विनोदी कार्यक्रमानंतर लिहिलं होतं: ‘ज्याच्यावर सगळे हसले त्याच्यासारखं दिसणाऱ्या सहकाऱ्याची आठवण झाली. मीही त्याला हसते.’ तो कार्यक्रम त्या दिवसापासून सोडला. पवित्र शास्त्र तरी पाप लपवतं कुठे? दाविद राजाचा व्यभिचार आणि त्याने त्या स्त्रीच्या नवऱ्याला, उरियाला, मारवणं, सगळं शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात लिहिलेलं आहे. पण ते वाचून कुणाला दाविदाचा हेवा वाटत नाही. लगेच नाथान संदेष्टा येतो, श्रीमंताने हिसकावलेल्या गरिबाच्या एकुलत्या एका कोकरीची गोष्ट सांगतो आणि तो माणूस तूच आहेस म्हणतो. पाप दाखवणं आणि पापाची गोडी लावणं यांतला फरक मला तिथे कळला.

म्हणून काहीही पाहा, असं मात्र मी म्हणणार नाही. काही गोष्टी मला वहीत लिहूनही तपासायच्या नाहीत. शरीराचा बाजार मांडणारी दृश्यं मी पाहत नाही, आणि कथा कितीही थोर असली तरी त्यावर वाद घालत नाही. संत ऑगस्टिन यांनी आपल्या मित्राविषयी, अलिपियसविषयी, लिहिलं आहे. मित्रांनी ओढून नेलं म्हणून तो रोममध्ये ग्लॅडिएटरांच्या जीवघेण्या झुंजी पाहायला गेला आणि डोळे घट्ट मिटून बसला. गर्दी ओरडली, त्याने डोळे उघडले, आणि मग त्याला नजर काढवेना. स्वतःच्या बळावर इतका विश्वास ठेवायला मला भीती वाटते.

मुलीची मी माफी मागितली आणि तिची गाणी तिच्यासोबत ऐकली. दोन मला मनापासून आवडली. एकाविषयी मी तिला एवढंच विचारलं, “हे गाणं तुला काय हवंसं वाटायला लावतं?” ती बराच वेळ गप्प होती. ते गाणं तिने काढलं की नाही, मी पाहिलं नाही. आता शनिवारी आम्ही मिळून एक चित्रपट निवडतो आणि संपल्यावर दिवा लावून थोडं बसतो. कधी बोलतो, कधी नाही.

ती सूडाची मालिका मी परत सुरू केली नाही. शेवट काय झाला हे मैत्रिणीने सांगायला सुरुवात केली, तेव्हा मी तिला थांबवलं, कारण ऐकायची ओढ अजून होती. जून महिन्यात एका रात्री त्याच वेळेला बहिणीला फोन लावला. आम्ही जेमतेम चार मिनिटं बोललो, तेही आईच्या औषधांविषयी. भांडणाचा विषय तिनेही काढला नाही, मीही नाही. फोन ठेवून प्रार्थनेला बसले आणि त्या ओळीपाशी आल्यावर सावकाश ती म्हटली.