किती फॉलोअर्स असलेली व्यक्ती बोलवावी?

मी पुण्यातील दुकानदारांसाठी जाहिरातींचा मजकूर लिहितो. लक्ष्मी रस्त्यावरचे साड्यांचे दुकान असो, कोथरूडमधले नवे उपाहारगृह असो की बाणेरमधली सराफी पेढी, पहिल्या भेटीत चहा संपायच्या आत एक प्रश्न येतोच: “रीलसाठी कोणाला बोलवू? फॉलोअर्स किमान किती हवेत?” तुम्हीही दुकानदार असाल आणि तुम्हालाही हाच प्रश्न पडला असेल, तर सांगतो, की हा आकडा मी हल्ली सर्वांत शेवटी पाहतो. रील करणाऱ्या मंडळींच्या गुणवत्तेविषयी माझी काही तक्रार नाही; त्यांची प्रसिद्धी ज्या यंत्रणेवर उभी आहे, ती मधल्या काळात बदलली आहे.

इन्स्टाग्राम २०१० मध्ये सुरू झाले तेव्हा आपण ज्यांना फॉलो करत होतो त्यांचीच छायाचित्रे, ती ज्या क्रमाने टाकली जात त्याच क्रमाने दिसत. २०१६ मध्ये हा क्रम मोडला आणि कोणाला काय आवडेल याचा अंदाज बांधून मांडणी होऊ लागली. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आले आणि व्हिडिओ पाहताना डेटाचा हिशेब करण्याची सवय सुटली. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅप्सवर बंदी घातली आणि पुढच्याच महिन्यात भारतात रील्स आले. रील्समध्ये आपण कोणाला फॉलो करतो याला फारसे महत्त्व उरत नाही. व्हिडिओ आधी थोड्या लोकांसमोर ठेवला जातो. ते किती वेळ थांबले, त्यांनी तो पुन्हा पाहिला का, कोणाला पाठवला का, हे मोजले जाते आणि त्यावरून तो आणखी लोकांपर्यंत न्यायचा की तिथेच सोडून द्यायचा हे ठरते. यूट्यूबनेही २०१२ मध्येच निव्वळ क्लिकपेक्षा व्हिडिओ किती वेळ पाहिला गेला याला अधिक वजन द्यायला सुरुवात केली होती.

याचा अर्थ असा, की लाखो फॉलोअर्स असलेल्या व्यक्तीचा नवा व्हिडिओही दर वेळी जवळजवळ शून्यापासून परीक्षेला बसतो. पूर्वी एखादा नट शोरूमच्या उद्घाटनाला आला, की त्याचा प्रेक्षक त्याच्या मागोमाग येई. आता प्रेक्षक इन्स्टाग्रामसारख्या कंपनीच्या ताब्यात आहे आणि निर्मात्याला तो व्हिडिओपुरता वापरायला मिळतो. त्यापेक्षा घरभाड्याचा अकरा महिन्यांचा करार निदान अकरा महिने तरी टिकतो. म्हणूनच ज्या एका लकबीमुळे व्हिडिओ चालला, तीच लकब ती व्यक्ती पुढे वर्षभर करत राहते. प्रेक्षक त्याला कंटाळवाणेपणा म्हणतात, पण वेगळे काही केल्यावर रीच, म्हणजे व्हिडिओ पोहोचणाऱ्या लोकांची संख्या, कोसळल्याचा अनुभव ज्याने एकदा घेतला आहे, त्याला मी तरी दोष देणार नाही.

प्रसिद्धीचा पसाराही आता वेगळा आहे. गणेशोत्सवात मंडळे आरतीसाठी कलाकार बोलवत, तेव्हा आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना पाहुणा कोण ते ठाऊक असे. हल्ली एखादा रीलस्टार येतो, तेव्हा पुढच्या दोन रांगांतली पोरे सेल्फीसाठी तुटून पडतात आणि मागे उभे असलेले त्यांचे आईवडील एकमेकांना “हा कोण?” असे विचारतात. दोन्ही पिढ्या खरे बोलत असतात. प्रत्येकाच्या फोनवर वेगळी निवड होत असल्यामुळे लाखो लोकांना माहीत असलेला माणूस शेजारच्या घरात अगदी अनोळखी असू शकतो. तुमच्या दुकानात साडी घ्यायला येणारी पंचावन्न वर्षांची बाई यांपैकी कोणत्या घरात राहते, हे आकड्यावरून कळत नाही.

दुकानांवर होणारा परिणाम मला जास्त अस्वस्थ करतो. चव पडद्यावर उतरत नाही. ओतणे, ताणणे, वाफ आणि रंग उतरतात. त्यामुळे मिसळीवर चीज येते, थाळी चार माणसांना संपणार नाही एवढी मोठी होते, आणि कागदी फुलांच्या भिंतीसमोर निऑनमध्ये एखादे वाक्य लावलेले कॅफे फर्ग्युसन रस्त्यापासून विमाननगरपर्यंत सारखेच दिसू लागतात. मालकाला हे आवडतेच असे नाही. शेजाऱ्याचे चालले म्हणून तो करतो, आणि एकच गोष्ट सगळ्यांनी केल्यामुळे तिच्यावर नजर थांबेनाशी झाली की पुढचे काहीतरी शोधावे लागते.

साड्यांच्या दुकानात तर खरेदीची रीतच पालटली आहे. गादीवर बसलेला जुना विक्रेता लग्न कोणाचे, मुहूर्त सकाळचा की संध्याकाळचा, नेसणार कोण, एवढे विचारून पाच साड्या उलगडत असे आणि त्यांतली एक बहुधा घेतली जाई. आता गिऱ्हाईक फोन पुढे करून म्हणते, “ही दाखवा.” ती साडी रिंगलाइटच्या प्रकाशात आणि फिल्टर लावून चित्रित झालेली असते, दुकानातल्या उजेडात तिचा मोरपंखी रंग थोडा काळपट दिसतो आणि विक्रेत्याने काहीच न करता गिऱ्हाइकाच्या मनात फसवणुकीची शंका येते. कापड हाताला कसे लागते, नेसल्यावर किती फुगते, पाच वर्षांनी जरीची चमक कशी राहील, हे सांगू शकणारा माणूस समोर बसलेला असतो आणि त्याला कोणी काही विचारत नाही. मला विचाराल, तर त्या विक्रेत्यालाच कॅमेऱ्यासमोर बसवावे. काही दुकानांनी तसे केले आहे, आणि त्यांच्या व्हिडिओंखाली लोक किमतीच्या जोडीने कापडाविषयीही विचारतात.

तेव्हा कोणाला बोलवायचेच असेल, तर फॉलोअर्सऐवजी तीन गोष्टी मागून घ्या. गाजलेला एकच व्हिडिओ न पाहता ओळीने शेवटच्या दहा रील्सचे व्ह्यूज पाहा. खात्याच्या इनसाइट्समध्ये, म्हणजे आकडेवारीच्या पानावर, प्रेक्षकांची प्रमुख शहरे दिसतात, त्यांचा स्क्रीनशॉट मागा. पुणे तिथे खालच्या क्रमांकावर असेल, तर वडापावच्या गाडीला त्या व्यक्तीचा उपयोग नाही. आणि कोणत्या पोस्ट लोकांनी सेव्ह केल्या, इतरांना पाठवल्या, ते विचारा, कारण लाइक करणाऱ्यापेक्षा पत्ता जपून ठेवणारा माणूस दुकानात येण्याची शक्यता अधिक असते.

“जाहिरात असे लिहायला लावू नका, लोक पुढे जातात,” ही विनंतीही ठरलेली असते. ती मी मान्य करत नाही. पैसे, मोफत वस्तू किंवा मोफत जेवण घेऊन केलेल्या शिफारशीत तसे स्पष्ट सांगावे, अशा सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये दिल्या आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, शिफारस करणाऱ्यालाही. त्यामुळे ‘बार्टर’ म्हणून, म्हणजे पैशांऐवजी, दिलेली साडीही लपवायची नाही.

मग बोलवायचे की नाही? दिवाळीच्या तोंडावर साड्यांचा साठा तयार असेल, कुरिअरने माल पाठवण्याची सोय असेल, तर जरूर बोलवा. दूरवरचा प्रेक्षकही तुमच्या कामाचा आहे. वीस खुर्च्यांचे उपाहारगृह असेल, तर मी नको म्हणतो. एका रविवारी दारात शंभर माणसे उभी राहतील, त्यांतली बरीच एक थाळी मागवून तिघांत चित्रीकरण करतील, उशीर झाला म्हणून कोणी गुगल मॅप्सवर एक तारा देऊन जाईल, आणि रोज आठ वाजता येणारे काका ती गर्दी पाहून समोरच्या हॉटेलात शिरतील. गुगल स्थानिक शोधात समर्पकता, अंतर आणि ठिकाणाची ख्याती पाहते, असे ती कंपनीच सांगते. त्यामुळे अशा मालकांना मी आधी नकाशावरच्या वेळा, मेनूकार्ड आणि फोन नंबर नीट करून देतो. त्याचे मी वेगळे पैसे घेत नाही, आणि बहुतेकांना त्यानंतर रीलची आठवण दोन महिने तरी होत नाही.