मी चौदा फुलं नेते

माद्रिदला राहायला आल्यापासून ५ ऑगस्टची सकाळ मी आलमुदेना दफनभूमीत घालवते. तिथल्या विटांच्या भिंतीपाशी १९३९ साली याच दिवशी १३ तरुणींना गोळ्या घालून मारलं. वयं १८ ते २९. इथले लोक त्यांना 'तेरा गुलाब' म्हणतात.

स्पेनचं यादवी युद्ध एप्रिलमध्येच संपलं होतं. बहुतेक जणी समाजवादी युवक संघटनेतल्या. आरोप काय, तर बंडाला साथ दिल्याचा! बंड केलं होतं ते युद्ध जिंकून हुकूमशहा झालेल्या फ्रँकोने आणि त्याच्या सेनाधिकाऱ्यांनी, निवडून आलेल्या सरकारविरुद्ध. जे त्या सरकारच्या बाजूने राहिले, तेच लष्करी न्यायालयात बंडखोर ठरले. फ्रँकोचा साडू आणि मंत्री सेरानो सुन्येर यानेच पुढे याला 'उलटा न्याय' म्हटलं.

३ ऑगस्टला खटला चालला. डझनावारी आरोपी एकदम उभे केलेले, बचाव करणाराही लष्करी अधिकारीच. जुलैअखेर एका पोलीस अधिकाऱ्याची हत्या झाली होती आणि राजवटीला जरब बसवायची होती. या मुली तर त्याआधीपासूनच माद्रिदमधल्या व्हेन्तासच्या बायकांच्या तुरुंगात होत्या. जेमतेम ५०० बायकांसाठी बांधलेल्या त्या तुरुंगात तेव्हा हजारो जणी कोंबल्या होत्या.

दोन दिवसांत सगळं उरकलं. त्याच दिवशी ४३ पुरुषांनाही मारलं. त्यात तेरांपैकी एक असलेल्या ब्लांका ब्रिसाकचा नवराही होता. त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा एका दिवसात आईबापांविना पोरका झाला. मला मुलगा आहे, त्यामुळे इथे माझं वाचन दर वेळी अडखळतं.

ट्रामवर तिकिटं देणारी १९ वर्षांची खुलिया कोनेसा आईला शेवटच्या पत्रात लिहून गेली, 'माझं नाव इतिहासातून पुसलं जाऊ नये.'

या न्यायालयांचे निकाल रद्दबातल ठरवणारा कायदा आला २०२२ मध्ये. ८३ वर्षांनी.

त्यांच्यासोबतच शिक्षा झालेली चौदावी, अन्तोनिया तोरे, तर मनातून जातच नाही. कागदावर तिचं नाव चुकून 'अन्तोनियो' असं पुरुषाचं पडलं, म्हणून ती ५ ऑगस्टला वाचली. पण कुणी माफी दिली नव्हती. चूक दुरुस्त झाली आणि फेब्रुवारी १९४० मध्ये तिलाही मारलं. भिंतीवरच्या पाटीवर आकडा तेराच आहे. मी फुलं मोजून चौदा नेते.