दर्जा नसलेली भिंत

आमचे आप्पा गवंडी. त्यामुळे जुनी भिंत दिसली की माझी नजर आधी दर्जांवर, म्हणजे दगडांमधल्या चुन्याने भरलेल्या सांध्यांवर जाते. मेक्सिकोत ओआहाका शहरापासून ४५ किलोमीटरवर मित्ला हे जुन्या वास्तूंचं ठिकाण आहे, तिथे गेले तर दर्जाच सापडेनात.

आदल्या दिवशी मोंते आल्बान पाहिलं होतं. झापोतेक लोकांनी इ.स.पू. ५००च्या सुमारास डोंगरावर वसवलेलं, माथा सपाट करून बांधलेलं शहर. तिथल्या सात नंबरच्या थडग्यात १९३२ साली पुरातत्त्वज्ञ आल्फोन्सो कासोंना सोनं, पिरोजे, कोरलेली हाडं मिळाली. थडगं झापोतेकांचं, आतलं धन नंतर आलेल्या मिश्तेकांचं. सगळं भव्यच, पण माझा जीव अडकला तो मित्लात.

सहा अखंड दगडी खांबांचं दालन ओलांडायचं, वाकून एका अरुंद बोळातून जायचं की आतला चौक लागतो. चारी बाजूंच्या भिंतींवर नक्षीच्या पट्ट्या. पायऱ्या, वळसे, परत पायऱ्या. लांबून कोरीवकाम वाटतं. जवळ गेल्यावर कळतं, बहुतेक नक्षी जुळवलेली आहे! हजारो छोटे दगड, बरेचसे तळहातात मावतील एवढे, घडवून एकाला एक बिलगून बसवलेले. मागे दगडमातीचा गाभा, पण दर्शनी सांध्यात चुना नाही. आपल्या हेमाडपंती देवळांत चुना नसतो, पण तिथे चिरे केवढाले असतात! शिवाय मित्ला बांधणाऱ्यांकडे लोखंडाची छिन्नी नव्हती. दगड घडवायला हत्यारंही दगडाचीच.

शेजारचं सान पाब्लो चर्च स्पॅनिशांनी सोळाव्या शतकात या जुन्या वास्तूंवरच उभारलं. एका बाजूला घुमट, खाली तीच नक्षीची भिंत. तिथे उभं राहून फार वाईट वाटलं. मित्लाच्या गावात झापोतेक भाषा आजही बोलली जाते, हे ऐकल्यावर जरा बरं वाटलं.

चौकातूनच आप्पांना व्हिडिओ कॉल लावला. इथे सकाळचे दहा, तिकडे रात्रीचे साडेनऊ. ते चष्मा शोधून आले.

"जरा जवळ धर. हलवू नको गं."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वरून तिसरी पट्टी बघ. कोपऱ्यातला दगड मागाहून बसवलाय."

मी पुढे होऊन पाहिलं. त्या एका दगडाभोवती केसाएवढी फट होती.