आईच्या नारायणपेठीवर ऑइल पेंट

आमच्या सोसायटीच्या जिन्याचा कठडा रंगवायला काढला होता, हे मला माहीत होतं. ‘रंग ओला आहे’ अशी पाटीही होती, पहिल्या मजल्यावर. मी राहते दुसऱ्या मजल्यावर.

नणंदेच्या मुलीच्या केळवणाला निघाले होते. अंगावर माझ्या आईची नारायणपेठी, १९८१ सालची, तिच्या लग्नातली. मोरपंखी चौकडा, जांभळा काठ. एका हातात डबा, दुसऱ्या हातात पर्स, पदर मोकळा. दोन पायऱ्या उतरले आणि पदर कठड्यावरून सरकला. चार बोटं लांब चॉकलेटी पट्टा उठला, एक टोक थेट जरीच्या काठावर.

पहिली चूक मी तिथल्या तिथेच केली. पर्समधल्या बाटलीतलं पाणी रुमालावर घेऊन पुसलं. ऑइल पेंटला पाण्याची काय पर्वा! डाग निघाला नाहीच, उलट फासला गेला आणि कडा बटाट्याच्या कापाएवढ्या रुंद झाल्या.

साडी बदलून बसले तोवर घरात सल्ल्यांची रांग लागली. सासूबाई म्हणाल्या, “अगं, रॉकेल लाव.” रॉकेल आमच्या घरात येऊन कित्येक वर्षं झाली. मुलगी नेलपेंट रिमूव्हरची बाटली घेऊन आली. नवऱ्याने गरम पाणी आणि कपड्यांचा साबण सुचवला. तेही रेशमावर! त्यांना मी बाहेर पाठवलं आणि जिन्यातल्या रंगारीकाकांना हाक मारली. ज्याचा रंग त्यालाच विचारावं, हे मला इतक्या उशिरा सुचलं याचं अजून नवल वाटतं.

काकांनी साडीला हात लावला नाही, हात रंगाचे होते. लांबूनच पाहून म्हणाले, “ताई, चोळू नका. आणि थिनर तर अजिबात नको, साडीचाच रंग घेऊन जाईल. टर्पेंटाइन देतो, पण आत्ताच्या आत्ता करा. उद्यावर टाकलं की मग काही खरं नाही.” ऑइल पेंट नुसता वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होत जातो. एकदा तसा कडक झाला की टर्पेंटाइनला दाद देत नाही. काकांनी ब्रश धुतलेल्या डब्यातलं नाही, तर सीलबंद बाटलीतलं वाटीभर ओतून दिलं. “त्या डब्यातलं घेतलंत तर आधीचे सगळे रंग साडीवर येतील,” हेही वर सांगितलं.

देवघरातला दिवा आणि गॅस बंद करून खिडक्या उघडल्या, कारण टर्पेंटाइन चटकन पेट घेतं. आधी कमरेला खोचायच्या टोकावर, जे कोणाला दिसत नाही, तिथे एक थेंब लावून पांढऱ्या फडक्याने दाबून पाहिलं. फडक्यावर मोरपंखी छटा आली नाही. मग काठाच्या त्याच टोकाला जांभळा रंगही तपासला, कारण काठाचा रंग वेगळा आणि तो सुटून पदरात उतरला असता तर रडायची वेळ आली असती. रिमूव्हर मात्र बाटलीतच ठेवला. जरीचा मुलामा उतरेल अशी धास्ती वाटली.

सासऱ्यांच्या जुन्या धोतराचे तुकडे केले. एक घडी खाली, तिच्यावर डाग पालथा, आणि साडीच्या उलट्या बाजूने कापसाच्या बोळ्याने टिपायचं. पुसायचं नाही, टिपायचं. रंग सुटून खालच्या धोतरात उतरतो, म्हणून खालची जागा सतत बदलायची, नाहीतर तोच रंग परत वर चढतो. डागाच्या कडेकडून मध्याकडे यायचं. हे लिहायला सोपं आहे. बसून केलं तेव्हा २ तास गेले, पाठ मोडली आणि केळवणाला आम्ही जेवण संपता संपता पोहोचलो. मी साध्या कॉटनच्या साडीत, हाताला टर्पेंटाइनचा वास. नणंदेने नाक मुरडलं, पण बोलली काही नाही.

चॉकलेटी रंग गेला, पण त्या जागी तेलकट वर्तुळ उरलं. त्यावर रात्रभर टाल्कम पावडर पसरून ठेवली. सकाळी झटकली, पुन्हा पसरली. वर्तुळ फिकं झालं, गेलं नाही. रिठ्याच्या पाण्याने तेवढाच भाग धुवावा असं मनात आलं होतं, पण रेशीम नुसतं एका जागी भिजवलं की पाण्याचा स्वतःचा डाग पडतो. इस्त्री तर फिरवलीच नाही; उरलासुरला रंग उष्णतेने पक्का बसतो. साडी ड्रायक्लीनिंगला दिली आणि डाग कशाचा, त्यावर मी काय काय लावलं, हे सगळं सांगितलं. दुकानदाराने पावतीवर ‘डाग जाईलच याची हमी नाही’ असं लिहून सही घेतली. पण टर्पेंटाइनचं सांगितलं ते बरं केलंत, म्हणाला. लोक काहीबाही लावून आणतात आणि विचारलं तर काही लावलंच नाही म्हणतात.

याच आठवड्यात नवऱ्याच्या कुर्त्यावर आतल्या भिंतीच्या प्लॅस्टिक पेंटचे थेंब उडाले. पाण्यातला रंग, धुतला की जाईल म्हणून त्यांनी तो दोन दिवस तसाच ठेवला. ओला असता तर नळाखाली गेलाही असता. वाळल्यावर मात्र त्याचा प्लॅस्टिकसारखा पापुद्रा झाला. सर्जिकल स्पिरिटने भिजवून, जुन्या टूथब्रशने उलटसुलट खरवडून काढला. सुती कुर्ता होता म्हणून हे चाललं. ते काम मी केलं नाही, नवऱ्यालाच करायला लावलं.

साडी आठ दिवसांनी आली. पदर स्वच्छ, फक्त जरीच्या काठात मोहरीएवढा चॉकलेटी ठिपका अडकून राहिलाय. धागे तुटतील म्हणून तो तसाच ठेवला. लग्नात तीच नेसले. आईला आधीच सगळं सांगून टाकलं होतं. तिने चष्मा लावून पदर उजेडाकडे धरला, बराच वेळ शोधलं आणि एका जागी बोट ठेवून म्हणाली, “हाच ना?” तो डाग तिच्या लग्नाच्या पंगतीतल्या आमटीचा होता.