राजबाग, काणकोण: बेताच्या खर्चात गोल्फची फेरी

अठरा स्वतंत्र होलांचे (होल म्हणजे चेंडू ज्यात घालायचा ते भोक आणि तिथवरचा पट्टा) आणि कोणालाही खुले असलेले गोल्फचे मैदान गोव्यात नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. जी मैदाने आहेत ती मोठ्या हॉटेलांच्या आवारात आहेत. बाणावलीला ताज एक्झॉटिकाचे नऊ होलांचे आखूड मैदान आहे, मोबोरला सेंट रेजिसचे बारा होलांचे आणि सगळेच होल पार तीनचे, म्हणजे तीन फटक्यांत पुरे होणे अपेक्षित असलेले, मैदान आहे, आणि अगदी दक्षिणेला काणकोण तालुक्यात राजबाग किनाऱ्यालगत द ललितचे नऊ होलांचे मैदान आहे. यांतील शेवटचे आम्ही निवडले, कारण तिथे दुहेरी टीची, म्हणजे प्रत्येक होलला पहिला फटका मारण्याच्या दोन जागांची, सोय आहे. पहिले नऊ होल एका टीवरून खेळायचे आणि पुन्हा त्याच ग्रीनकडे (होलच्या भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीकडे) दुसऱ्या टीवरून खेळायचे, म्हणजे अंतर आणि कोन दोन्ही बदलतात. हॉटेलात मुक्काम न करता, केवळ मैदानाचे शुल्क भरून सकाळी खेळावे आणि संध्याकाळच्या आत फोंड्याला परतावे, असा आमचा बेत होता आणि तो नीट पार पडला.

बरोबर माझी भाची होती. पुण्यात शिकत असताना तिला या खेळाची गोडी लागली. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, त्या दिवसापासून ती गोल्फविषयी बोलते आहे. ती डावखुरी आहे आणि भाड्याने मिळणाऱ्या साहित्यात डावखुऱ्यांचे सेट क्वचितच असतात, म्हणून सेव्हन आयर्न (मध्यम पल्ल्याचा), वेज (आखूड, उंच फटक्याचा) आणि पटर (ग्रीनवर चेंडू घरंगळवण्याचा) असे तीनच क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, तिने स्वतःचे आणले होते. नियमांनुसार चौदापर्यंत क्लब नेता येतात, परंतु नऊ होलांच्या मैदानावर पाच-सहा क्लबांचा अर्धा सेट पुरतो, असे माझे ठाम मत आहे. एक लांब पल्ल्याचा क्लब, पाच, सात आणि नऊ नंबरचे आयर्न, एक सँड वेज आणि पटर एवढे असले की नवशिक्याला काहीही कमी पडत नाही, आणि क्लब कमी असले की प्रत्येक फटक्याचा अधिक विचारही होतो.

खर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर त्याची सुरुवात घरी बसून केलेल्या फोनपासून होते. हॉटेलात लग्नसमारंभ किंवा परिषद असेल तर बाहेरच्या खेळाडूंना त्या दिवशी प्रवेश मिळेलच असे नाही, म्हणून तारीख नक्की करण्यापूर्वी ते विचारावे. ग्रीन फी, म्हणजे मैदानाचे शुल्क, नऊ होलांसाठी किती आणि अठरांसाठी किती, त्यात कर धरलेला आहे की वरून लागणार, कॅडीचे (साहित्य उचलून सल्ला देणाऱ्या मदतनिसाचे) पैसे वेगळे आहेत का, क्लबचा अर्धा सेट भाड्याने मिळतो की पूर्णच घ्यावा लागतो, चेंडू विकत घ्यावे लागतात का आणि बग्गी (मैदानावर फिरण्याची छोटी गाडी) सक्तीची आहे का, हे प्रश्न एकेक करून विचारावेत आणि उत्तरे लिहून घ्यावीत. एकट्या ग्रीन फीचा आकडा ऐकून निघालेल्या माणसाचा हिशेब काउंटरवर पोचेपर्यंत बराच वाढलेला असतो. चेंडू घरूनच न्यावेत, आणि तेही वापरलेले. नव्या मैदानावर चार-पाच चेंडू हरवणे स्वाभाविक आहे. बग्गी मात्र सक्तीची नसेल तर टाळावी. समुद्राकाठचे मैदान चालण्याजोगे असते, आणि पायी गेल्याशिवाय जमिनीचा उतार आणि गवताचा पोत कळत नाही. नाताळ आणि नववर्षाच्या आठवड्यात गोव्यात सर्वच गोष्टींचे दर चढलेले असतात, त्यामुळे ऑक्टोबरअखेर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत आणि नंतर जानेवारी-फेब्रुवारी हा काळ निवडावा.

मडगावहून काणकोण सुमारे ३५ ते ४० किलोमीटर आहे. राष्ट्रीय महामार्ग ६६ कुंकळ्ळी, बाळ्ळीवरून जातो आणि करमल घाटाची वळणे उतरून चावडीला, म्हणजे काणकोणच्या मुख्य गावठाणाला, पोचतो. पहाटे निघणाऱ्यांनी घाटात घाई करू नये, मालवाहू ट्रक असतात. कदंब या सरकारी महामंडळाच्या आणि खासगी बसगाड्या मडगाव ते काणकोण धावतात, आणि कोकण रेल्वेचे काणकोण स्थानकही चावडीजवळच आहे. चावडीपासून राजबागला रिक्षा किंवा मोटारसायकल पायलटने (दुचाकी टॅक्सीने) जाता येते. पाठीवर अर्धा सेट घेऊन बसने जाणे अजिबात अवघड नाही. भरलेली मोठी गोल्फ बॅग असेल तर मात्र स्वतःचे वाहन हवे. कपड्यांबाबत एवढेच सांगतो की कॉलर असलेला टीशर्ट, साधी पँट किंवा गुडघ्यापर्यंतची शॉर्ट आणि सपाट तळाचे बूट पुरेसे आहेत. जीन्स आणि गोल गळ्याचे बनियनवजा टीशर्ट टाळावेत.

मैदान सपाट आहे. एका अंगाला राजबागचा किनारा, जवळच तळपण नदी आणि पूर्वेला सह्याद्रीच्या रांगा. समोर दिसणारे अंतर फारसे घाबरवत नाही, आणि तिथेच अनेकांचा अंदाज चुकतो, कारण इथला खरा अडथळा वारा आहे. थंडीच्या दिवसांत सकाळी तो जवळजवळ नसतो किंवा डोंगराकडून हलका येतो. ऊन चढले, जमीन तापली की समुद्राकडून वाहू लागतो आणि दुपारपर्यंत चांगलाच जोर धरतो. आमची फेरी सूर्योदयानंतर लगेच सुरू झाली तेव्हा झावळ्या स्तब्ध होत्या. शेवटच्या तीन होलांपर्यंत त्या हलू लागल्या होत्या आणि सकाळी सेव्हन आयर्नने सहज पार होणाऱ्या अंतरासाठी मला अधिक लांब पल्ल्याचा पाच नंबर हाती घ्यावा लागला. काणकोणचाच रहिवासी असलेल्या आमच्या कॅडीने तेव्हा झाडाच्या शेंड्याकडे बोट दाखवून सांगितले, ‘साहेब, खाली वारं नाही म्हणून फसू नका, चेंडू त्या शेंड्याच्या वर जातो.’ पहिल्यांदा येणाऱ्याने कॅडी अवश्य घ्यावा. ते पैसे वाचवू नयेत, हवे तर पहिल्या दिवशी नऊच होल खेळावेत.

कॅडीचे मोल सर्वांत जास्त कळते ते ग्रीनवर. उष्ण प्रदेशातील मैदानांवर सहसा बर्म्युडा जातीचे गवत लावतात, म्हणजे आपल्या अंगणातली हरळी. ती बारीक कापली तरी तिची पाती एका दिशेला कललेली असतात, आणि चेंडू त्या कलाने गेला की घरंगळत पुढे जातो, उलट गेला की मध्येच दमतो. पाच-सहा पावलांच्या एका पटपूर्वी (पटरने मारायच्या फटक्यापूर्वी) भाची वाकून उतार पाहत होती. कॅडीने तिला होलच्या पलीकडे नेऊन उलट्या बाजूने बघायला सांगितले. अलीकडून ते गवत गडद, मळकट हिरवे दिसत होते, आणि पलीकडून तेच गवत उन्हात चकाकत होते. चकाकते दिसले की कल आपल्यापासून दूर, म्हणजे चेंडू जोरात जाईल. गडद दिसले की कल आपल्याकडे, म्हणजे थोडे जास्त बळ लावा. नंतर त्याने होलच्या कडेकडे लक्ष वेधले. एका बाजूची कड रेखीव होती आणि दुसऱ्या बाजूची जरा विस्कटलेली, आणि गवताचा कल त्या विस्कटलेल्या बाजूकडे होता. भाचीने ठरवलेल्यापेक्षा जोरात पट मारली आणि चेंडू होलच्या काठावर क्षणभर रेंगाळून आत पडला. ‘मामा, हे पुण्यात मला कोणी सांगितलं नव्हतं,’ ती म्हणाली. फेरीतील हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. नवशिक्याचे निम्मे फटके ग्रीनवर आणि ग्रीनच्या आसपासच खर्ची पडतात, आणि तिथे लागणारी नजर ताकदीवर अवलंबून नसते.

मागे चार खेळाडूंचा पुढचा गट येऊन उभा राहिला की नव्या खेळाडूची धांदल उडते, म्हणून २०१९ पासून बदललेले नियम माहीत असावेत. हरवलेला चेंडू शोधायला पूर्वीची पाच नव्हे तर तीनच मिनिटे मिळतात. ड्रॉप करताना, म्हणजे नियमानुसार चेंडू हाताने नव्या जागी सोडताना, तो खांद्याच्या नव्हे, गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा असतो. झेंडा होलमध्ये तसाच ठेवून पट मारता येते, त्यामुळे बराच वेळ वाचतो. चेंडू हरवण्याची शंका असेल तर पुढे चालत जाण्यापूर्वीच प्रोव्हिजनल (तात्पुरता) म्हणून दुसरा चेंडू खेळावा, आणि तसे तोंडाने सांगावे. मागचे खेळाडू वेगवान असतील तर त्यांना पुढे जाऊ द्यावे. त्यात कमीपणा नाही. फटक्यासरशी उखडलेला गवताचा तुकडा परत बसवणे, ग्रीनवर चेंडू आपटून झालेला खळगा कडेने आत ढकलून सपाट करणे आणि बंकरमधून निघताना वाळू सारखी करणे, ही कामे कॅडीवर सोडू नयेत. बाहेरून आलेल्या खेळाडूंनी मैदान जपले, तरच हॉटेलवाले त्यांच्यासाठी दार उघडे ठेवतील. सार्वजनिक मैदान नसलेल्या आपल्या राज्यात ते दार उघडे राहणे फार गरजेचे आहे.

नऊ होलांना आम्हाला दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागला. दुसरी फेरी खेळण्याची भाचीची फार इच्छा होती, परंतु वारा आणि ऊन पाहता आम्ही थांबलो. अठरा होल खेळायचेच असतील तर पहिली वेळ आदल्या दिवशी पक्की करून, पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या आणि रुंद काठाची टोपी घेऊनच जावे. मार्चनंतर तर दुपारी खेळूच नये. जून ते सप्टेंबर पावसाचे महिने असल्याने तेव्हा मैदान चालू आहे का, हे त्या त्या दिवशी फोन करूनच कळेल. कॅडीला द्यायची बक्षिसी सुट्या रोख पैशांत जवळ ठेवावी आणि ती त्याच्याच हातात द्यावी. स्कोअरकार्ड दोघांनीही सही करून जपून ठेवावे. जागतिक हँडिकॅप पद्धतीत (हँडिकॅप म्हणजे खेळाडूचे कौशल्य दाखवणारा आकडा) नऊ होलांचा स्कोअरही ग्राह्य धरला जातो, त्यामुळे ज्याला पुढे एखाद्या क्लबात रीतसर हँडिकॅप नोंदवायचा आहे त्याने नऊ होलांची फेरीही नेहमी नियमांनुसारच खेळावी, एकही पट ‘सोडून’ देऊ नये, म्हणजे न मारताच चेंडू होलमध्ये गेला असे धरू नये.