पाणी कुठवर आलं होतं?

रविवारी दुपारी एडिसनहून तासभर गाडी हाकत स्टॉकटनला गेलो. काम काही नाही, नदी बघायची होती. डेलावेअरकाठचं हे गाव जेमतेम पाचशे वस्तीचं, पण थाट स्वतंत्र ‘बरो’चा, म्हणजे आपला कारभार आपण पाहणाऱ्या छोट्या नगराचा, महापौरासकट. आमच्या मंडळाच्या गणपतीत याहून जास्त पानं उठतात! १८९०च्या दशकात न्यू जर्सीत बरो स्थापण्याची साथच आली होती, हाही १८९८चा.

नदी, तिला समांतर कालवा, मागे टेकडी. उरलेल्या पट्टीत गाव. पूल नव्हता तेव्हा माणसं नावेनं पार व्हायची, म्हणून नाव हॉवेल्स फेरी. पुढे कालव्यात पैसा ओतणाऱ्या रॉबर्ट स्टॉकटनचं नाव चिकटलं. जुना लाकडी पूल १९२३मध्ये वीज पडून जळाला. खाली एवढी नदी, आणि वर पूल पेटलाय! पलीकडच्या काठावर राहणाऱ्या, एरवी बर्फच रंगवणाऱ्या एडवर्ड रेडफिल्डनं ती आग रंगवली.

पण माझी नजर भिंतींवर. नदीकाठच्या गावात गेलो की पुराची रेघ शोधायची, ही माझी खोड. कुरुंदवाडला वाढलेल्या माणसाचं दुसरं काय होणार? ऑगस्टात शाळेला सुट्टी, छत्री घेऊन घाटावर पूर बघायला. एखादा भोपळा, एखादं दार वाहत जायचं. परतलो की आजी चुलीपुढूनच विचारायची, “पाणी कुठवर आलं रे? वाडीला दक्षिणद्वार झालं का?” दक्षिणद्वार म्हणजे नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात शिरलेलं पुराचं पाणी पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडणं. उत्तर फुटात दिलेलं तिला चालायचं नाही. पायरी सांगायची, नाहीतर पिंपळ.

कालव्याकाठी बाकावर एक आजोबा बसले होते. विचारलं, पाणी कुठवर येतं?

“कुठल्या पुराचं? पंचावन्नच्या, की चार, पाच, सहाच्या?”

ओळख पटली. म्हटलं, २००५ला आमच्याकडेही आला होता.

“कुठवर?”

तेव्हा मी इथेच होतो. रोज रात्री फोन करून हेच विचारायचो, आणि बाबा म्हणायचे, “लांब आहे अजून.” डिसेंबरात घरी गेलो. माजघरात नवा रंग दिलेला. देवघराच्या कोनाड्यात मात्र हात पोचला नसावा. तिथे मातकट रेघ होती, माझ्या छातीएवढी.

आजोबांना मी हात धरून उंची दाखवली.